मद्यार्कावरची मोटार आणि मुळशीचें खोरें

पुण्याहून पश्चिमेकडे जाणारा पौडचा रस्ता भूगांव, पिरंगुट हीं गांवें मागें टाकून मुळशीच्या खोऱ्यांत शिरतो. आषाढ-श्रावणांत ह्या रस्त्यानें जाणाऱ्यास दोहों बाजूंस भाताचीं खाचरें दिसतात. आणि आंबेमोहोर तांदळाची गोष्ट निघाली म्हणजे पुण्याच्या जुन्या घरांतून मुळशीचें नांव निघाल्याशिवाय राहत नाहीं. पौडच्याही पुढें गेल्यावर सह्याद्रीच्या कुशींत पसरलेला एक विस्तीर्ण जलाशय लागतो. अलीकडे, पिरंगुटजवळच्या उरवडे गांवीं, एक संशोधनशाळा आहे. तेथें उंसाची मळी, भाताचा पेंढा, मक्याचीं बुरकुंडें अशा पदार्थांपासून मोटारींत जाळण्याजोगा मद्यार्क कसा काढावा याचा शोध चालतो. जलाशय आणि संशोधनशाळा यांच्यामध्यें अंतर थोडें आहे, काळ मात्र ऐंशी वर्षांहून अधिक गेला. तरी दोहोंच्या मुळाशीं प्रश्न एकच आहे: शहराच्या यंत्रांना लागणारी शक्ति खेड्याच्या जमिनींतून कशी मिळवावयाची, आणि तिची किंमत कोणीं द्यावयाची? मद्यार्कावर चालणाऱ्या एंजिनाचा इतिहास पाहूं गेलें असतां हाच प्रश्न पदोपदीं आडवा येतो.

प्रथम मुळशीची हकीकत. मुंबईच्या गिरण्यांना व आगगाड्यांना वीज पुरविण्यासाठीं टाटांच्या कंपनीनें मुळा व निळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधण्याचें योजिलें. त्याच्या पाण्याखालीं सुमारें पन्नास गांवांची जमीन जावयाची होती. १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्याचा आधार सरकारनें कंपनीस दिला. शेतांचे पुष्कळसे कागद पुण्याच्या सावकारांच्या पेटींत होते आणि नांगर मावळ्यांच्या हातांत होता. तेव्हां भरपाईची रक्कम एकाच्या पदरीं पडून घरदार दुसऱ्याचें बुडावें, अशी स्थिति आली. इ. स. १९२१ च्या रामनवमीस, १६ एप्रिल रोजीं, 'जान किंवा जमीन' अशी घोषणा करून मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी होते. बापटांना 'सेनापति' ही पदवी मिळाली ती ह्याच लढ्यांत. यंत्रविद्या शिकण्यासाठीं विद्यावेतनावर एडिंबर्गपर्यंत जाऊन आलेला हा मनुष्य यंत्राचा द्वेष्टा खचित नव्हता. यंत्राचा लाभ एकाच्या वांट्यास यावा आणि भुर्दंड दुसऱ्याच्या माथीं बसावा, याला त्यांचा विरोध होता. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण झालें, १९२७ सालीं घाटाखालीं भिऱ्याचें वीजगृह सुरू झालें, आणि मुळशीचें पाणी पूर्वेकडची आपली स्वाभाविक वाट सोडून पश्चिमेस कोंकणांत उतरूं लागलें.

आतां मद्यार्काकडे वळूं. त्यावर एंजिन चालवावें ही कल्पना पेट्रोलच्याही पूर्वींची आहे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. अमेरिकेंतील सॅम्युएल मोरे यानें १८२६ सालीं ज्या एंजिनाचें पेटंट घेतलें, त्यांत मद्यार्क व टर्पेंटाइन यांची वाफ जाळलेली होती. त्या वेळीं खनिज तेलाच्या विहिरी खणूं लागण्यास अजून तीस वर्षांहून अधिक अवकाश होता. जर्मनींत निकोलाउस ऑटो यानें १८६० च्या सुमारास आपले पहिले प्रयोग केले ते मद्यार्क घेऊनच. आणि आजची पेट्रोलची मोटार ज्या फोर-स्ट्रोक एंजिनावर चालते, तें एंजिन ह्याच ऑटोच्या नांवानें ओळखलें जातें. सारांश, मद्यार्क हा एंजिनाचा बालपणचा सोबती होय.

मग तो मागें कां पडला? अमेरिकेंत यादवी युद्धाचा खर्च भागविण्यासाठीं १८६२ सालीं मद्यार्कावर कर बसविण्यांत आला व तो वाढत वाढत गॅलनास दोन डॉलरांवर गेला. पिण्याची दारू निराळी आणि दिव्यांत जाळावयाचा मद्यार्क निराळा, असा भेद त्या कायद्यानें केला नाहीं. पेनसिल्व्हेनियांत १८५९ पासून खनिज तेल निघूं लागलें होतें. त्याला एवढा जबर कर द्यावा लागत नसे. त्यामुळें दिव्यांत घासलेट आलें, आणि पुढें मोटार जन्मास आली तेव्हां घासलेटाच्या कारखान्यांत टाकाऊ म्हणून उरणारें पेट्रोल तिला आयतेंच मिळालें. औद्योगिक मद्यार्कावरील कर १९०६ सालीं उठला. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या सुप्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडीचें कार्ब्युरेटर फिरवून जुळवितां येई, त्यामुळें तिला मद्यार्कही चाले. परंतु तोंवर तेलाच्या विहिरी, कारखाने, नळ आणि दुकानें यांचें जाळें विणून पुरें झालें होतें. एका कराच्या आकड्यानें इंधनाचा निकाल लावला होता.

ज्या १९२१ सालीं मुळशींत सत्याग्रह सुरू झाला, त्याच सालाच्या अखेरीस अमेरिकेंतील डेटन गांवीं दुसरा निकाल लागला. एंजिनाचा दट्ट्या म्हणजे पिस्टन हवा व इंधन यांचें मिश्रण जितकें अधिक दाबील, तितकें काम अधिक मिळतें. पण पेट्रोल फार दाबलें तर तें ठिणगीची वाट न पाहतां आपोआप पेट घेतें आणि एंजिनांतून ठोके ऐकूं येतात. मद्यार्क मिसळला असतां हे ठोके थांबतात, ही गोष्ट जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेंतील टॉमस मिजले यास ठाऊक होती. परंतु त्यासाठीं मद्यार्क बराच मिसळावा लागे, आणि शेतांत पिकणाऱ्या वस्तूची मक्तेदारी कोणासच मिळण्यासारखी नव्हती. ९ डिसेंबर १९२१ रोजीं मिजलेला टेट्राएथिल लेड हें शिशाचें एक संयुग सांपडलें. त्याचे कांहीं थेंब पुरत, आणि त्यावर पेटंटाचा हक्कही मिळे. शिसें विषारी आहे हें जगास तेव्हांही माहीत होतें. १९२४ सालीं न्यू जर्सींतील कारखान्यांत हें द्रव्य तयार करणारे पांच कामगार मरण पावले; तरीही शिसें पेट्रोलमध्यें राहिलें तें राहिलेंच. भारतांतील पेट्रोलमधून तें १ फेब्रुवारी २००० पासून हद्दपार झालें, आणि जगांतील अखेरच्या पंपावरून २०२१ सालीं. जवळजवळ शंभर वर्षें शहरांतील मुलांनीं ज्या धुरांत श्वास घेतला, त्या धुरांतील शिशाची बरीचशी गरज मद्यार्कानें भागली असती.

येवढ्यावरून मद्यार्क सर्वगुणसंपन्न आहे, असें मात्र समजूं नये. पेट्रोलचें एंजिन त्यावर चालवावयाचें म्हणजे कित्येक गोष्टी बदलाव्या लागतात. पहिली गोष्ट हवेची. एक किलो पेट्रोल पुरतें जळावयास सुमारें १४.७ किलो हवा लागते. मद्यार्कास ९ किलो पुरते, कारण त्याच्या रेणूंत प्राणवायु आधींच आहे. म्हणून तेवढ्याच हवेंत दीडपटीहून अधिक इंधन सोडावें लागतें. जुन्या गाडींत कार्ब्युरेटरचें छिद्र मोठें करावें लागे. नव्या गाडींत इंजेक्टर अधिक वेळ उघडा ठेवावा लागतो. हें न करतां नुसता मद्यार्क टाकींत ओतला तर मिश्रण विरळ पडतें आणि एंजिन अडखळतें. दुसरी गोष्ट उष्णतेची. एका लिटर मद्यार्कांतील उष्णता एका लिटर पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश असते. म्हणजे टाकी लौकर रिकामी होणार. ह्या तोट्याची थोडी भरपाई दाब वाढवून करतां येते. मद्यार्क ठोके देत नाहीं. म्हणून त्याचें मिश्रण बारा पटींपर्यंत दाबलें तरी चालतें, आणि दाबाबरोबर एंजिनाची कार्यक्षमता वाढते. ह्याच कारणास्तव मद्यार्काचें खरें एंजिन मुळापासून मद्यार्कासाठींच घडवावें लागतें. पेट्रोलच्या एंजिनावर ठिगळ लावून त्याचा गुण पुरा प्रकट होत नाहीं.

तिसरी अडचण थंडीची. मद्यार्काचें वाफेंत रूपांतर होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. चालत्या एंजिनास हा गारवा हितकरच, परंतु थंड सकाळीं एंजिन सुरू होतां होत नाहीं. चौथी अडचण पाण्याची. मद्यार्क हवेंतील ओलावा ओढून घेतो. पेट्रोल व मद्यार्क यांच्या मिश्रणांत पाणी ठरावीक मर्यादेबाहेर गेलें कीं मद्यार्क पाण्यासह तळाशीं बसतो व पेट्रोल वर तरंगतें; मग एंजिनाकडे काय जाईल याचा नेम उरत नाहीं. नुसत्या ऊर्ध्वपातनानें मद्यार्क शेंकडा ९६ च्या आसपास शुद्ध होतो, त्यापुढें जात नाहीं. उरलेलें पाणी काढण्यासाठीं पूर्वीं बेंझीन वापरीत. हल्लीं अतिसूक्ष्म छिद्रांच्या खड्यांतून वाफ नेतात, तेव्हां पाण्याचे लहान रेणू छिद्रांत अडकतात आणि मद्यार्काचे मोठे रेणू पुढें निघून जातात. पांचवी अडचण धातु व रबर यांची. कांहीं जातींचें रबर मद्यार्कानें फुगतें, तर ॲल्युमिनियम, जस्त अशा धातूंना तो खाऊं लागतो. नळ्या, वायसर, पंप, टाकी, सगळें त्याच्या स्वभावास अनुसरून निवडावें लागतें.

ह्या अडचणी खऱ्या असल्या तरी कुशल कारागिरास न सुटण्याजोग्या नाहींत, हें ब्राझील देशानें दाखवून दिलें. तेथें १९२५ सालींच मद्यार्कावर मोटार चालवून पाहण्यांत आली होती. पण मोठा उद्योग झाला तो १९७३ च्या तेलटंचाईनंतर. नोव्हेंबर १९७५ मध्यें तेथील सरकारनें मद्यार्काची राष्ट्रीय योजना जाहीर केली. विमानविद्येच्या सरकारी केंद्रांत उर्बानो स्टुम्फ या इंजिनियरानें एंजिनें सुधारून दिलीं. आणि १९७९ सालीं निव्वळ मद्यार्कावर चालणारी फियाट मोटार बाजारांत आली. थंड सकाळीं एंजिन सुरू व्हावें म्हणून अशा गाड्यांत पेट्रोलची एक चिमुकली टाकी निराळी ठेवीत. कांहीं वर्षांतच तेथें विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक मद्यार्काच्या झाल्या. मग १९८९ च्या सुमारास खनिज तेल स्वस्त झालेलें व साखर महाग, अशी उलटी वेळ आली. कारखानदार साखरेकडे वळले, पंपांवर रांगा लागल्या, आणि लोकांचा विश्वास उडाला. एंजिन बिघडलें नव्हतें; त्यास पाजावयाचें इंधन दुसरीकडे गेलें होतें. त्यावरचा उपाय २००३ सालीं निघाला. बाहेर पडणाऱ्या धुरांतील प्राणवायु मोजून टाकींत कोणतें मिश्रण आहे तें ओळखणारें आणि त्याप्रमाणें इंधनाचें प्रमाण व ठिणगीची वेळ बदलणारें एंजिन आलें. यालाच 'फ्लेक्स-फ्युएल' म्हणतात. त्यामुळें बाजारभाव पाहून काय भरावयाचें हें गाडीवाला ठरवूं लागला.

भारतांतील हकीकतही बरीच जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत गिल्बर्ट फाउलर यांनीं मोहाच्या फुलांपासून मद्यार्क काढण्याच्या पद्धतीचा अभ्यास केला. १९३२ सालीं साखरधंद्यास संरक्षण मिळालें, कारखाने भराभर वाढले आणि मळीचें करावयाचें काय, हा प्रश्न पडला. पुढें दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल मोजून मिळूं लागलें, आणि पाठीवर कोळशाची भट्टी घेऊन धुरकटत जाणाऱ्या मोटारी लोकांनीं रस्त्यांवर पाहिल्या. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ सालीं, पेट्रोलमध्यें मद्यार्क मिसळण्यासंबंधीं कायदाही झाला. परंतु नंतरच्या काळांत खनिज तेल स्वस्त राहिलें, मद्यार्क रसायनांच्या व कृत्रिम रबराच्या कारखान्यांकडे गेला, आणि २००० सालीं तो कायदा रद्द करण्यांत आला. औद्योगिक मद्यार्कावर अधिकार केंद्राचा कीं राज्याचा, हा वाद तर सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं एका तऱ्हेनें आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें नेमका उलट निकालून राज्यांच्या बाजूनें दिला. अमेरिकेंत १८६२ सालीं जें घडलें त्याचीच ही निराळी आवृत्ति होय: एंजिन तयार असतें, निकाल कागदावर लागतो.

महाराष्ट्रांत ह्या विषयाची पार्श्वभूमि सहकारी साखर कारखान्यांनीं तयार केली. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं १९५० सालीं प्रवरेच्या कांठीं पहिला सहकारी कारखाना चालू झाला आणि पुढें ऊंस, मळी व मद्यार्क हें त्रिकूट गांवोगांव पोंचलें. मळीपासून मद्यार्क काढण्याचीं यंत्रें बनविण्याच्या उद्देशानें प्रमोद चौधरी यांनीं १९८३ सालीं पुण्यास 'प्राज' हा उद्योग आरंभिला. उरवड्याची वर सांगितलेली संशोधनशाळा ह्याच उद्योगाची. २००१ सालीं मिरज व मनमाड येथें पेट्रोलमध्यें शेंकडा ५ मद्यार्क मिसळून विकण्याचा प्रयोग झाला. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन या १९६६ पासूनच्या संस्थेनें २०१४-१५ मध्यें इतर संस्थांच्या सहकार्यानें शेंकडा २० मिश्रणाचा एंजिनांवर व त्यांच्या रबरी आणि धातूच्या भागांवर काय परिणाम होतो तें तपासलें. ५ जून २०२१ रोजीं पुण्यांतील तीन पंपांवर निव्वळ मद्यार्क विकण्याची चांचणी सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ मध्यें शेंकडा २० मिश्रणाचें पेट्रोल बाजारांत आलें आणि २०२५ सालीं तें देशभर पसरलें.

तेव्हां सामान्य मोटारवाल्याची कुरकुर ऐकूं येऊं लागली. ती निराधार नव्हती. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांतच म्हटलें होतें कीं, मूळ निव्वळ पेट्रोलसाठीं योजलेल्या व शेंकडा १० मिश्रणासाठीं जुळविलेल्या चारचाकी गाडींत शेंकडा २० मिश्रण घातल्यास इंधनाची कार्यक्षमता सुमारें ६ ते ७ टक्क्यांनीं घटते. त्या मिश्रणासाठीं नीट जुळविलेल्या गाडींत ही घट १ ते २ टक्क्यांवर येते. जुन्या एंजिनास नवें इंधन पाजलें म्हणजे तोटा गाडीवाल्याचा, आणि एंजिनच नवें घडविलें म्हणजे तो तोटा बहुतांशीं नाहींसा होतो, हा त्याचा सरळ अर्थ.

परंतु गाडीवाल्याच्या हिशेबापेक्षां मोठा हिशेब पाण्याचा आहे. त्याच अहवालाप्रमाणें उंसापासून एक लिटर मद्यार्क मिळविण्यासाठीं सुमारें २,८६० लिटर पाणी खर्चीं पडतें. २०२३ सालीं पाऊस कमी झाला तेव्हां डिसेंबरांत केंद्र सरकारनें उंसाच्या रसापासून मद्यार्क काढण्यास आळा घातला, कारण साखर कमी पडण्याची भीति उभी राहिली. पुढच्या वर्षीं तो आळा उठविण्यांत आला. ब्राझीलमध्यें १९८९ सालीं जें झालें त्याची ही झलक म्हणावी लागेल. मुळशीच्या वाचकास यांतील दुसरें एक मर्म चटकन् कळेल. मुळा ही भीमेच्या खोऱ्यांतली नदी. तिचें अडविलेलें पाणी १९२७ पासून कोंकणांत उतरून वीज देत आलें. आणि त्याच भीमेच्या खालच्या अंगास, सोलापूरकडे, कमी पावसाच्या मुलखांत ऊंस उभा आहे आणि तो पाण्यासाठीं वाट पाहतो. एकाच नदीच्या पाण्यावर वीज, साखर, मद्यार्क, आणि तहानलेलीं गांवें, अशा चौघांचे हक्क येऊन बसले आहेत.

म्हणूनच उरवड्याच्या संशोधनशाळेंत ऊंस सोडून पेंढा, चिपाड, तुराट्या यांकडे लक्ष वळलें, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पेंढ्यांत साखर असते, परंतु ती सेल्युलोजच्या घट्ट विणींत बांधलेली असते. प्रथम आम्ल व वाफ यांनीं ती वीण सैल करावयाची, मग विकरें घालून तिची साखर करावयाची, आणि शेवटीं यीस्टकडून त्या साखरेचा मद्यार्क करवून घ्यावयाचा, असा हा क्रम आहे. ह्या रीतीचा प्रायोगिक कारखाना दौंड तालुक्यांतील राहू येथें २०१७ सालीं निघाला. पुढें इंडियन ऑइलनें पानिपत येथें ह्याच तंत्रावर मोठा कारखाना उभारला. ऑगस्ट २०२२ मध्यें त्याचें लोकार्पण झालें. वर्षाला सुमारें २ लक्ष टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटि लिटर मद्यार्क, असा त्याचा अंदाज होता. जो पेंढा शेतांत जाळल्यामुळें दिल्लीचें आकाश काळवंडतें, त्यास अशानें मोल येतें, आणि त्यासाठीं नवी जमीन लागत नाहीं कीं निराळें पाणीही लागत नाहीं. ही रीत अजून महाग व नाजूक आहे. पेंढा गोळा करणें, कोरडा राखणें आणि वाहून नेणें यांतच बरीचशी मेहनत जाते, आणि गुरांच्या दावणीचा वांटाही त्यांतून सोडावा लागतो.

मद्यार्काचें एंजिन ऑटोनें पाहिलें होतें, फोर्डनें विकलें होतें, ब्राझीलनें लाखोंनीं चालविलें. २०२३ च्या ऑगस्टांत दिल्लीस मद्यार्कावर चालूं शकणारी एक भारतीय बनावटीची मोटारही दाखविण्यांत आली. कारागिराच्या बाजूनें काम बहुतेक झालें आहे. उरलें आहे तें इतरांचें. तें इंधन कोणत्या शेतांतून यावें, कोणत्या नदीच्या पाण्यावर पिकावें, आणि त्याचा मोबदला कागद ज्याच्या पेटींत त्यास मिळावा कीं नांगर ज्याच्या हातांत त्यास, हें ठरविण्याचें काम इंजिनियराचें नव्हे. शंभर वर्षांपूर्वीं मुळशीच्या मावळ्यांनीं हाच सवाल धरणाच्या भिंतीवर उभे राहून विचारला होता. तेव्हां त्यास उत्तर मिळालें नाहीं. जलाशय भरला, आणि खाचरें पाण्याखालीं गेलीं. उरवड्याच्या प्रयोगशाळेंतून निघणारें इंधन ज्यांच्या गाड्यांत पडणार आहे, त्यांनीं ह्या वेळीं तरी उत्तर देऊन मग टाकी भरावी.